‘सारजा’ लढाईवर गेली

नेव्हीचा अधिकारी मळ्यात आला तेव्हा विमलाबाई द्राक्षबागेत उभ्या राहून औषध मारणाऱ्या गड्यांवर ओरडत होत्या. बांधावरून एक पांढराशुभ्र गणवेश चिखलातून पाय उचलत येताना दिसला, आणि त्या बोलता बोलता थांबल्या. गंगापूर रोडच्या मळ्यांत पोलीस येत, तलाठी येत, देवळालीचे लष्करातले लोक द्राक्षं मागायला येत. नेव्हीचा माणूस मात्र त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

“तुमच्याकडे मोटारबोट आहे म्हणे,” नमस्कार करून तो म्हणाला. मराठी चांगलं होतं, रत्नागिरीकडचं.

“आहे. घेऊन जाता का?” विमलाबाई थट्टेने म्हणाल्या.

“त्यासाठीच आलोय.”

विमलाबाईंचे यजमान रंगनाथराव कालव्यांची कंत्राटं घेत. पैसा आला तेव्हा त्यांनी मुंबईच्या एका शेठकडून ही बोट घेतली. चांगली ऐसपैस, समुद्रासाठी बांधलेली, वर केबिन आणि केबिनला गोल खिडक्या. लॉरीवर चढवून कसाऱ्याच्या घाटातून ती त्यांनी गंगापूरच्या धरणावर आणली. गाव हसलं. रंगनाथरावांनी तिला आपल्या आईचं नाव दिलं, ‘सारजा’, आणि दर रविवारी इंजिनिअर लोकांना बसवून ते पाण्यात चकरा मारायला लागले. विमलाबाई एकदाच बसल्या होत्या. पोटात ढवळलं, पुन्हा बसल्या नाहीत.

रंगनाथराव गेले त्याला आता तीन वर्षं होत आली होती. तेव्हापासून ‘सारजा’ धरणाच्या काठावर पत्र्याखाली पडून होती. तिला सांभाळायचा तो भिमाजी. त्याच्या वडिलांचं गाव धरणात गेलं, आणि वरच्या अंगाला वसलेल्या बुद्धवाडीत तो लहानाचा मोठा झाला. देवळालीच्या एका गॅरेजमध्ये इंजिनाचं काम शिकला. रंगनाथरावांनी त्याला बोटीवर ठेवलं, पुढे जीपही तोच चालवायचा. बोट चालत नसली तरी आठवड्यातून एकदा तो इंजिन सुरू करून बघायचा.

“लढाईची चिन्हं आहेत,” अधिकारी ओट्यावर बसून सांगत होता. “मुंबईचा किनारा मोठा, खाड्या पुष्कळ. मोठी जहाजं सगळीकडे पुरणार नाहीत. म्हणून लोकांच्या बोटी गोळा करतोय. पुढे एक बंदूक बसवायची, वायरलेस बसवायचा आणि खाडीच्या तोंडाशी गस्त घालायची. काम झालं की बोट परत.”

विमलाबाईंना खरं सांगायचं तर हलकंच वाटलं. विकायला मन होत नव्हतं, ठेवायची तर कशासाठी, कळत नव्हतं. देशाला उपयोगी पडत असेल तर याहून बरं ते काय? त्या म्हणाल्या, “न्या.”

मग सगळे धरणावर गेले. भिमाजीने ताडपत्री काढली, बोट दाखवली, इंजिन सुरू करून दाखवलं. अधिकाऱ्याने बराच वेळ त्याच्याशी गप्पा मारल्या आणि परतताना तो विमलाबाईंना म्हणाला, “इंजिन जुनं आहे, परदेशी आहे. ज्याच्या हातातलं आहे तोच बरोबर आला तर आमची मोठी सोय होईल. पगार मिळेल. जबरदस्ती नाही.”

भिमाजीने विमलाबाईंकडे पाहिलं.

“जा की,” त्या म्हणाल्या. “चार दिवस समुद्र बघून ये.”

इतक्या सहज त्या बोलल्या. बोटीबरोबर तिचं सुकाणू जावं, तसा भिमाजी जाणार, एवढंच त्यांच्या मनात होतं. त्याच आठवड्यात लॉरी आली. वाडीतली माणसं लोटली, बोट वर चढवली गेली आणि भिमाजी केबिनच्या दारात उभा राहून हात हलवत गेला.

एकाहत्तरचा डिसेंबर लागला आणि लढाई खरोखरच सुरू झाली. ओझरला विमानांचा कारखाना, देवळालीला तोफखाना, त्यामुळे नाशिककरांनी दिवेलागणीलाच खिडक्यांना काळे कागद लावायला सुरुवात केली. दुसऱ्याच दिवशी सकाळी भिमाजीची बायको नवसाबाई मळ्यावर आली. धाकटी पोर कडेवर, मोठीचा हात धरलेला. विमलाबाईंनी बस म्हटलं, ती बसली नाही.

“बाई, बोट तुमची व्हती, तुम्ही दिली,” ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “माणूस माझा व्हता. मला कुणी इचारलं का?”

नवसाबाई उत्तराची वाट न बघता वळली आणि बांधावरून निघून गेली.

त्या दिवशी विमलाबाईंना जेवण गेलं नाही. रंगनाथराव असते तर म्हणाले असते, तो आपल्या मर्जीने गेला. पण त्या स्वतःलाच विचारत राहिल्या: भिमाजीने पाहिलं कुणाकडे? माझ्याकडे. आणि मी काय म्हणाले? दुपारी त्यांनी घरातला ट्रान्झिस्टर उचलला, पदरात गुंडाळला आणि चालत बुद्धवाडीत गेल्या.

“बातम्या ऐकायला,” नवसाबाईच्या दारात उभं राहून त्या म्हणाल्या. “तुमच्याकडे रेडिओ नाही ना.”

नवसाबाईने नुसती चटई टाकली. बातम्या झाल्या. त्यात खाडीच्या तोंडाशी फिरणाऱ्या छोट्या बोटींबद्दल काहीच नव्हतं. विमलाबाई उठल्या, रेडिओ तिथेच ठेवून आल्या आणि दुसऱ्या दिवशी परत गेल्या. मग रोजच जाऊ लागल्या. नवसाबाई तांदूळ निवडत असे, त्याही सुपाला हात लावत. दोघी फार बोलत नसत. पुढे एके दिवशी नवसाबाईने न विचारता कपात चहा ओतून पुढे सरकवला. विमलाबाईंनी तो घेतला. त्यांच्या थोरल्या जावेला हे कळलं तेव्हा तिने नाक मुरडलं. “आता वाडीत चहा प्यायचा राहिला होता!” विमलाबाई म्हणाल्या, “चांगला करते. तूही ये एकदा.” जावेने पुन्हा तो विषय काढला नाही.

एकदा बातमीत सांगितलं की आपली एक युद्धनौका बुडाली, पुष्कळ माणसं गेली. नवसाबाईचा हात सुपात तसाच राहिला.

“केवढी आसंल ती बोट?” तिने विचारलं.

“ते जहाज. खूप मोठं. ते तिकडं, काठेवाडाजवळ.”

“आपल्या बोटीवानी किती मावतील तिच्यात?”

“पुष्कळ.”

“एवढी मोठी बुडाली...” नवसाबाई म्हणाली, आणि तिने सूप बाजूला सारलं. मोठी पोर आईच्या तोंडाकडे बघत होती. विमलाबाईंनी तिला जवळ ओढलं आणि तिची वेणी उगाचच सोडून पुन्हा घातली.

लढाई संपली. नाशकात पेढे वाटले गेले, रविवार कारंजावर पोरांनी दिवाळीचे उरलेले फटाके उडवले. विमलाबाई पेढ्यांचा पुडा घेऊन वाडीत गेल्या. दोघींनी मिळून पोरांच्या तोंडात पेढे घातले आणि वाटेकडे डोळे लावून बसल्या. आठवडा गेला, नवीन वर्ष लागलं, संक्रांत झाली. भिमाजीचा पत्ता नाही.

विमलाबाई देवळालीला गेल्या. तिथल्या साहेबाने खुर्ची दिली, चहा दिला आणि सांगितलं की आर्मी वेगळी आणि नेव्ही वेगळी, चौकशी मुंबईलाच करावी लागेल. त्यांनी मुंबईला ट्रंककॉल लावला. पलीकडचा माणूस हिंदीत म्हणाला, सिव्हिलियन माणसांची माहिती दुसऱ्या ऑफिसात मिळेल. दुसरं ऑफिस कोणतं, हे सांगायच्या आतच लाइन तुटली.

शेवटी त्या नाशकातल्या द्वारका चौकात गेल्या. मुंबईच्या वाटेवरचे ट्रक तिथल्या हॉटेलांसमोर चहाला थांबत. ट्रकवाल्यांच्या घोळक्यात जाऊन उभं राहायची त्यांना सवय नव्हती, पण त्या उभ्या राहिल्या. सटाण्याहून कांदा भरून मुंबईला जाणारा बहिरू नावाचा एक ड्रायव्हर होता, उंचापुरा, खांद्यावर टॉवेल. त्याने सगळं ऐकून घेतलं.

“गोदीत मना एक भाऊबंद शे,” तो आपल्या अहिराणीत म्हणाला. “पुशी देखस.”

पहिल्या खेपेला बहिरू हात हलवत परत आला. भाऊबंदाला काही कळलं नव्हतं. दुसऱ्या खेपेलाही तेच. नवसाबाईने आता विचारणंही सोडलं होतं. विमलाबाई आल्या की ती चटई टाकायची आणि आपल्या कामाला लागायची. ते न विचारणं विमलाबाईंना त्या पहिल्या दिवसाच्या बोलण्याहून जड जात होतं.

आणि मग एके दिवशी सकाळी बहिरूचा रिकामा ट्रक हॉर्न वाजवत थेट मळ्याच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. बहिरूने केबिनमधूनच ओरडून सांगितलं, “बाई! तुमनी बोट देखी मी! घोटीमा शे!”

विमलाबाई धावतच आल्या. “घोटीला? बोट?”

“लॉरीवर शे. लॉरीना एक्सल तुटेल शे, बाजारना तोंडले उभी शे. रंग बदली टाकेल शे, पण त्या गोल खिडक्या तुम्ही सांगेल तश्याच.”

“आणि माणूस? बरोबर माणूस होता का?”

बहिरूने खांद्यावरचा टॉवेल हातात घेतला. “लॉरीना ड्रायव्हर व्हता, झोपेल. दुसरं कोनी दिसनं नही.” मग जरा थांबून तो म्हणाला, “बोटना पुढला भाग फुटेल शे, बाई.”

बहिरू रात्रभर गाडी चालवून आला होता, घरी सटाण्याला जायचं सोडून मळ्यावर आला होता. त्याने काही न विचारता ट्रक उलटा वळवला. वाटेत बुद्धवाडीच्या फाट्यावर त्यांनी नवसाबाईला घेतलं. पोरी शेजारणीकडे ठेवून ती जशी होती तशी निघाली. विमलाबाईंनी तिला सगळं सांगितलं. लपवून काय करायचं, घोटी काही लांब नव्हती. नवसाबाई खिडकीशी बसली होती आणि बाहेर बघत होती. तिने मध्येच विमलाबाईंचा हात धरला आणि घोटी येईपर्यंत सोडला नाही.

घोटीला बाजाराचा दिवस होता. तांदळाच्या पोत्यांनी भरलेल्या बैलगाड्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना लागल्या होत्या, आणि त्या गर्दीच्या वर, एका वाकलेल्या लॉरीवर, राखाडी रंगाची बोट तिरपी होऊन उभी होती. बाजूला ‘सारजा’ हे नाव नव्हतं. पांढऱ्या रंगात मोठा आकडा होता. नाकाडाची फळी आत चेपली होती आणि तिच्यावर साध्या लाकडाच्या पट्ट्या ठोकल्या होत्या. माणसं तोंडात बोट घालून बघत होती.

बहिरूने ट्रक थांबवला. नवसाबाई हलली नाही.

“मी नाय उतरत,” ती म्हणाली. “तुम्हीच बघा. काय आसंल ते येऊन सांगा.”

विमलाबाई उतरल्या. नऊवारीचा काष्टा त्यांनी घट्ट केला, पदर खोचला, लॉरीच्या चाकावर पाय दिला आणि गर्दी बघत असताना त्या वर चढल्या. केबिनचं दार उघडंच होतं. आत डिझेलचा आणि खारट, आंबूस असा एक वास भरून राहिला होता. जमिनीवर, जिथे कसलीतरी जड वस्तू बसवली होती, तिथे चार मोठी भोकं होती. कोपऱ्यात एक घोंगडी नीट घडी करून ठेवलेली. तिच्यावर भिमाजीचा सदरा, जाताना अंगात होता तोच, धुऊन वाळवलेला. विमलाबाईंनी तो उचलला. त्या तिथेच बाकावर टेकल्या. हा सदरा घेऊन मी खाली कशी उतरू? तिच्यापुढे काय म्हणून धरू?

“ओ बाई! उतरा खाली!” लॉरीचा ड्रायव्हर डोळे चोळत ओरडला. “सरकारी माल आहे तो!”

“सरकारी नाही, माझा आहे,” विमलाबाई आतूनच म्हणाल्या. “हिच्यावरचा माणूस कुठाय? भिमाजी कुठाय?”

“कोण, बोटवाला? तो गेलाय मिस्त्री धुंडायला. सकाळपासून तीन आणले, एकाच्यानंही जमलं नाही. आता चौथा आणतोय... तो काय येतोय.”

विमलाबाईंनी गोल खिडकीतून पाहिलं. तांदळाच्या गाड्यांमधून वाट काढत, तेलकट पिशवीवाल्या एका मिस्त्रीला दंडाला धरून जवळजवळ ओढत, भिमाजी येत होता. उन्हाने काळा पडला होता, दाढी वाढली होती आणि अंगात नेव्हीचा राखाडी स्वेटर होता, कोपरांपर्यंत बाह्या सरकवलेला. लॉरीजवळ येऊन त्याने वर पाहिलं.

“बाई?” तो म्हणाला. “तुम्ही? हितं? बोटीत?”

विमलाबाईंना हुंदका आवरेना. त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि ट्रककडे बोट दाखवलं.

पण तोवर नवसाबाई ट्रकमधून उतरली होती. ती गर्दीतून आली, नवऱ्याच्या समोर उभी राहिली, त्याच्या तोंडाकडे नीट निरखून बघितलं, मग त्याच्या हातांकडे, पायांकडे. सगळा आहे ना, हे जणू तपासून घेतलं. मग तिने त्याच्या स्वेटरच्या सरकवलेल्या बाह्या एकेक करून खाली ओढल्या.

“दाढी केवढी वाढिवली,” ती म्हणाली आणि रडायला लागली.

मिस्त्रीने पिशवी खाली ठेवली आणि तोही थांबला.

बहिरूने सगळ्यांना समोरच्या खानावळीत नेलं. गरम भात आला, वर डाळ आली. नवसाबाईने भाताचा पहिला घास घेतला तेव्हा विमलाबाईंच्या लक्षात आलं की हिला असं जेवताना आपण इतक्या दिवसांत कधी पाहिलेलं नाही.

“लढाई संपून किती दिवस झाले! कुठं होतास?” त्यांनी विचारलं.

“लढाई संपली, पण गस्त नाय संपली, बाई. साहेब म्हनले, पान्यात सुरुंग आसतील, मासेमारीच्या बोटी जाया लागल्या की बघावं लागंल. पत्ता सांगायचा नाय, कुठं हाय ते लिव्हायचं नाय. मंग बोट फुटली ती नीट करायची. आसं करता करता ऱ्हायलो.”

“फुटली कशी?” नवसाबाईने विचारलं. “त्यांनी गोळा मारला?”

“कुनी नाय मारला. मीच नेऊन आदळली.”

आणि मग भिमाजीने सांगितलं. एका पहाटे खाडीच्या तोंडाशी धुकं पडलं होतं, स्वतःचा हात दिसेना असं. इंजिन बंद करून बोटीवरचे सगळे कान देऊन बसले होते. एवढ्यात समोर पाण्यावर काळं काहीतरी हललं. हाक मारली, उत्तर नाही. वायरलेसवर विचारलं, तर त्या भागात आपली एकही बोट नाही म्हणाले. बंदुकीवरच्या जवानाने नेम धरला. साहेबाने हात वर केला, तो खाली आला की गोळी सुटणार.

“आन् तेवढ्यात तिकडून कुनीतरी शिवी दिली,” भिमाजी म्हणाला. “आपल्या भाषेत. आशी झणझणीत शिवी, बाई, की तुमच्यापुढं सांगता येत नाय. कुनीतरी कुनाला तरी म्हनत व्हतं, जाळं सोड, बोट बुडाली तर जाळं घेऊन वर जातो का! मी बोंबललोच. साहेब, आपली मान्सं हायेत! आपली! साहेबाचा हात तसाच वर ऱ्हायला.”

ते कोळी होते. मासेमारी बंद असताना पोटासाठी चोरून बाहेर पडले होते. धुक्यात खडकाला लागून त्यांच्या होडीत पाणी शिरलं होतं आणि पकडले जाऊ या भीतीने ते हाकेला ओ देत नव्हते. होडी बुडत होती. भिमाजीने इंजिन सुरू केलं आणि धुक्यातून जवळ घेताना अंदाज चुकून ‘सारजा’चं नाकाड तिच्यावर आदळलं. फळी चेपली, पण एकेक करून सगळे वर ओढून घेतले. त्यात एक म्हातारा होता, तो वर आला तरी शिव्याच देत होता.

बहिरू एवढा हसला की त्याला ठसका लागला. नवसाबाई मात्र हसली नाही.

“मंग गोळी कधी मारली?” तिने विचारलं.

“कधीच नाय. सगळ्या लढाईत आमच्या बोटीनं एक गोळी नाय मारली. जवान बिचारा रोज बंदूक पुसायचा आन् रोज झाकून ठिवायचा. साहेब जाताना म्हनले, आपन एकाला मारलं नाय, आन् एवढ्यांना वाचिवलं. आसं सगळ्यांचं व्हत नाय.”

नवसाबाईने मोठा श्वास सोडला आणि त्याच्या ताटात आणखी भात वाढला.

“नेव्हीत राहायला सांगितलं नाही त्यांनी?” विमलाबाईंनी विचारलं.

“सांगितलं. गोदीत कायमचं काम देतो म्हनले.” भिमाजी बायकोकडे न बघता म्हणाला. “मी म्हनलं, इचारून सांगतो.”

“काय इचारायचं त्यात?” नवसाबाई म्हणाली. “नाय म्हनून सांग.”

“सांगितलं म्हनून समज.”

विमलाबाई हात धुवायला उठल्या आणि खानावळीच्या मागच्या दारात थोडा वेळ उभ्या राहिल्या. समोर भाताची कापलेली खाचरं होती, ऊन पडलं होतं. छातीवर ठेवलेली कसलीतरी मोठी पाटी कुणीतरी दोन्ही हातांनी उचलून घेतली असं त्यांना वाटत होतं.

चौथ्या मिस्त्रीला जमलं. उन्हं कलायच्या आत लॉरी हलली. पुढे बहिरूचा ट्रक, मागे बोट. गावोगावी माणसं रस्त्यावर येऊन बघत होती. द्वारकेला तर सगळी रहदारी थांबली. पोलीस शिट्टी मारायची सोडून विचारायला लागला, ही कुठून आली? हॉटेलवाल्याने भिमाजीला फुकट चहा पाजला आणि बहिरूने तेवढ्यात जमलेल्या लोकांना सगळी हकीकत सांगून टाकली. त्याच्या सांगण्यात कोळ्यांची संख्या थोडी वाढली होती.

बोट पुढे धरणावर गेली. नवीन फळ्या बसल्या, राखाडी रंग मात्र तसाच राहिला. पलीकडच्या गावांना बाजाराला यायचं तर धरणाला मोठा वळसा पडायचा. विमलाबाईंनी आणि नवसाबाईने मिळून ठरवलं आणि भिमाजी भाजीच्या पाट्या, शाळेची पोरं, आजारी माणसं ने-आण करायला लागला. पंच्याऐंशी-शहाऐंशीपर्यंत, रस्ता होईपर्यंत ते चाललं. पण हे सगळं नंतरचं.

भिमाजी घरी आला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळपासून वाडीतली, गावातली, मळ्यांवरची माणसं त्याला भेटायला यायला लागली. कुणी हार आणला, कुणी नारळ. नवसाबाई उंबऱ्यावर लसूण सोलत बसली होती. धाकटी पोर तिच्या मांडीवर होती. येणाऱ्या प्रत्येकाला ती एकच सांगत होती, “झोपलेत. उद्या या.”

दुपारी विमलाबाई आल्या. हातात द्राक्षांची टोपली होती, यंदाची पहिली.

“झोपलेत,” नवसाबाई म्हणाली.

“अजून?”

“अजून. पोरींनी अंगावर उड्या मारल्या तरी उठंनात.” तिने टोपली घेतली, द्राक्षाचा एक मणी तोंडात टाकला आणि हसली. “तुम्हीबी उद्या या, बाई.”

“बरं,” विमलाबाई म्हणाल्या. त्या मळ्यावर परत आल्या, गड्यांना बागेत काय करायचं ते सांगितलं, ओट्यावर सतरंजी टाकली आणि भर दुपारी, चार माणसांच्या देखत, गाढ झोपी गेल्या.